तिचं 'नाही' कुठून सुरू होतं

घोडा काम करायला तयार नाही, अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी 'केव्हा?' असं विचारते. उत्तर बहुतेक वेळा 'काय करतो' याचं मिळतं. थांबतो, मागे सरतो, कान पाडतो, दोर ताणून धरतो, अंगावर येतो. हे सगळं खरं असतं, पण तो शेवटचा टप्पा असतो. त्याच्याआधी घोड्याने बरंच काही सांगून झालेलं असतं. म्होरकी दिसल्यावर मान किंचित वळवली होती का? तबेल्यातून बाहेर पडताना पाऊल आखूड पडलं होतं का? रिंगणाच्या दाराशी श्वास रोखला होता का? नाखुशी किती वाढली यापेक्षा ती पहिल्यांदा कुठे दिसली, हे मला आधी हवं असतं. वाढल्यावर सगळ्या नाखुशा सारख्याच दिसतात. पाय दुखणारा, घाबरलेला, गोंधळलेला आणि विटलेला, असे चारही घोडे शेवटी पाय रोवून उभेच राहतात, आणि मग त्यातला कोण कुठला हे ओळखता येत नाही.

ग्राउंडवर्क, म्हणजे जमिनीवर उभं राहून दोराने करायचं काम, इथे फार मदतीला येतं. खोगीर नसतं, तंग आवळलेला नसतो, पाठीवर वजन नसतं, बहुधा तोंडात लगामाची कडीही नसते. नकोसं वाटण्याची नेहमीची बरीच कारणं आधीच बाजूला झालेली असतात. शिवाय स्वाराला वरून घोड्याची मान आणि कान एवढंच दिसतं. जमिनीवर उभ्या माणसाला नाकापासून शेपटीपर्यंत सगळा घोडा चालताना दिसतो. ग्राउंडवर्ककडे लोक शिस्त लावायचं साधन म्हणून पाहतात. मला ते तपासणीचं साधन जास्त वाटतं, आणि ज्या घोडीने मला हे नीट पटवलं तिच्याबद्दलच हे लिहिते आहे.

ती कुमैत, म्हणजे तांबूस तपकिरी रंगाची, वयाने पोक्त, स्वभावाने शांत घोडी. माझ्याकडे येताना 'आळशी' हे विशेषण तिच्याबरोबरच आलं होतं. सोबत चालायची, सांगितलं की थांबायची, मागेही सरायची. लांब दोरावर गोल फिरवायला, म्हणजे लाँजिंगला घेतलं की डावीकडचा फेर ठीक जायचा. उत्साह नसायचा, पण चालायची, दुडकीही धरायची. उजवीकडे पाठवलं की थोडं जाऊन ती आत वळायची, माझ्याकडे तोंड करून उभी राहायची. पुढे रेटलं तर कान मागे, शेपटीचा झटका, आणि पुन्हा तोंड माझ्याकडे. 'थांबलं की विश्रांती मिळते हे तिला कळलंय,' असं बघणारा प्रत्येक जण सांगायचा.

हे म्हणणं मी उडवून लावत नाही. घोडा तसं शिकतोच, आणि फार पटकन शिकतो. पण त्यातून एखादी सवय टिकते का, एवढंच कळतं. ती पडली का, हे कळत नाही. दोन्हीकडे थांबल्यावर विश्रांती सारखीच मिळणार असेल, तर घोडी उजवीकडेच का थांबेल? आळसाला दिशा नसते. ज्या नाखुशीला बाजू आहे, वेळ आहे, ठरावीक जागा आहे, तिच्यामागे कारण आहे असं धरूनच मी चालते.

मग मी मागे मागे जात राहिले. रिंगणातून दाराकडे, दारातून अंगणाकडे, अंगणातून तबेल्याकडे. तबेल्यात ती स्वतःहून पुढे यायची, म्होरकीत तोंड घालायची. खरारा करताना पाठीवर, पोटावर, तंगाच्या जागी कुठेही अंग चोरायची नाही. बाहेर पडल्यावर सरळ चालताना काही दिसत नव्हतं. अंगणाच्या कडक जमिनीवर उजवीकडे वळायचं एक वळण होतं. ते ती मोठ्या घेराने घ्यायची. डावीकडचं वळण जवळून, उजवीकडचं लांबून. आणि त्या वळणात तिचा चेहरा बदलायचा. वरच्या पापणीवर एक कोनदार सुरकुती यायची, नाकपुडी ताठ व्हायची, हनुवटी आवळायची. वळण संपलं की चेहरा पूर्ववत. रिंगणातल्या त्या थांबण्याच्या कितीतरी आधी तिने 'नाही' म्हणून झालं होतं.

घोड्याच्या चेहऱ्यावर वेदना वाचता येते, ही आता नुसती अनुभवी मोतद्दारांची समजूत राहिलेली नाही. 2014 मध्ये एमान्युएला डाला कोस्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेनंतरच्या घोड्यांचे चेहरे अभ्यासून एक मोजपट्टी मांडली. तिच्यात सहा खुणा आहेत. ताठ होऊन मागे गेलेले कान, आवळलेल्या पापण्या, डोळ्यावरच्या भागातला ताण, चघळण्याच्या स्नायूंचा उठून दिसणारा ताण, आवळलेलं तोंड आणि पुढे आलेली हनुवटी, आणि ताणलेल्या नाकपुड्या. यातली एखादी खूण एकटी दिसली म्हणून निदान होत नाही. घोडा एकाग्र झाला तरी कान मागे नेतो, माशी बसली तरी चेहरा आवळतो. पण दोनतीन खुणा एकत्र, दर वेळी त्याच जागी आल्या, तर मी काम थांबवते आणि डॉक्टरांना बोलावते.

शरीर आधी तपासायचं, यावर माझा आग्रह आहे. घोडा हा शिकार होणारा प्राणी. कळपातला लंगडणारा घोडा सगळ्यात आधी हेरला जातो, म्हणून दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच आहे. ज्याला आपण लंगडणं म्हणतो ते बरंच उशिरा दिसतं. पुढच्या एका पायात दुखत असेल, तर तो पाय टेकताना घोडा डोकं वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली आणतो. शरीराचं साधारण साठ टक्के वजन पुढच्या पायांवर असल्यामुळे डोकं उचलून तो दुखऱ्या पायावरचा भार हलका करत असतो. दुडकीत, कडक जमिनीवर, हे डोकं हलणं स्पष्ट दिसतं. पण दोन्ही पुढचे पाय दुखत असतील तर? मग डोकं हलायला कारणच उरत नाही. एका बाजूचा भार दुसऱ्या बाजूवर ढकलायची सोय नसते. घोडा फक्त पावलं आखूड टाकतो, खांदा मोकळा सोडत नाही, पुढे जायला कुरकुरतो. बाहेरून बघणाऱ्याला तो लंगडा वाटत नाही. तो आळशी वाटतो.

आमच्या घोडीचं हेच होतं. डॉक्टरांनी तिला सरळ रेषेत, मग गोलात, मऊ जमिनीवर आणि कडक जमिनीवर चालवून आणि दुडकीत पाहिलं. उजव्या फेरात उजवा पाय आतल्या बाजूला येतो, त्याच्यावर जास्त आणि तिरका भार पडतो. कडक जमिनीवर तिथे पाऊल आखूड होत होतं. खुराच्या चिमट्याने दाबल्यावर टाचेच्या भागात ती पाय ओढून घेत होती. मग नर्व्ह ब्लॉक झाला. पाय खालून वर थोडा थोडा बधिर करत जायचा आणि दर वेळी घोड्याला चालवून फरक बघायचा, अशी ही पद्धत. उजव्या पायाची टाच बधिर झाल्यावर ती उजवीकडे मोकळी चालली, आणि तेवढ्यात डोकं हलायला लागलं. आता डावा पाय बोलत होता. उजव्याच्या मोठ्या दुखण्याखाली डाव्याचं लहान दुखणं दबून गेलं होतं. डावीकडचा तिचा तो निरुत्साही 'ठीक' फेर मला त्या क्षणी नव्याने समजला.

तिच्या खुरांचं टोक लांब वाढलेलं होतं आणि टाच बसलेली होती. असा खूर जमिनीवरून उचलताना त्या लांब टोकावरून उलटावा लागतो, त्याला उशीर होतो, आणि टाचेमागून खाली उतरणाऱ्या कंडरेवर दर पावलाला जास्तीचा ताण येतो. नालबंद आणि डॉक्टर एकत्र बसून एक्सरे पाहतात आणि खूर किती व कुठे तासायचा ते ठरवतात, तेव्हा मला फार बरं वाटतं. पुष्कळदा दोघे वेगवेगळ्या दिवशी येतात आणि घोडा दोघांच्या मध्ये राहून जातो. खुराची भिंत महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढते. म्हणजे खुराचा आकार बदलायला महिने लागतात, एका तासणीत काही होत नाही. हे आधीच मान्य केलं की घाईची भूक कमी होते.

खुरांवर मी एवढा वेळ घालवला, कारण तिचं कारण तिथे होतं. दुसऱ्या घोड्याचं कारण तोंडात असू शकतं. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात आणि चघळताना झिजत राहतात. झीज सारखी झाली नाही तर वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडेला आणि खालच्या दाढांच्या आतल्या कडेला धार येते. नुसत्या म्होरकीचा पट्टा गालावर दाबला गेला तरी ती धार आत रुतते, आणि मग डोकं एका बाजूला वळवायला घोडा तयार नसतो. कारण डोळ्यात असू शकतं. एका डोळ्याने कमी दिसणारा घोडा तुम्ही त्या बाजूला गेलात की बिथरतो, आणि लोक त्याला लबाड म्हणतात.

पोटाचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्यावर रोजच्या रोज काही करता येतं. घोड्याच्या जठरात आम्ल सतत झिरपत असतं, तो खात असो वा नसो. त्याला उतारा म्हणून येणारी लाळ मात्र चघळतानाच सुटते. निसर्गात घोडा दिवसातले सोळाएक तास चरतो, म्हणून हा हिशेब जुळतो. आपण त्याला दोन वेळची चंदी देऊन मधले तास रिकामे ठेवले की तो बिघडतो. जठराच्या खालच्या भागाला श्लेष्माचं संरक्षण असतं, वरच्या भागाला तसं नसतं. रिकाम्या पोटी दुडकी सुरू झाली की आम्ल उसळून वर लागतं. असा घोडा काम सुरू होईपर्यंत छान असतो आणि वेग वाढवला की कुरकुरतो, कुशीकडे बघतो, कधी चावायला येतो. कामाआधी थोडी वैरण चघळायला दिली तर पोटात तिचा एक थर बसतो आणि आम्ल वर उसळणं कमी होतं. मी कुठल्याच घोड्याला उपाशीपोटी रिंगणात नेत नाही. पण वैरणीने व्रण बरे होत नाहीत. ते आहेत की नाहीत हे दुर्बिणीने पाहूनच कळतं आणि औषध डॉक्टरांनीच द्यायचं असतं.

झोपेचा विचार तर फारच कमी लोक करतात. घोडा उभ्याने डुलकी काढतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण गाढ, स्वप्नांची झोप त्याला आडवं झाल्याशिवाय मिळत नाही. तिची गरज दिवसाकाठी तासाभराच्या आतबाहेरच असते. तेवढीही मिळाली नाही, कारण जागा अपुरी आहे, शेजारचा घोडा दमदाटी करतो किंवा सांधे दुखतात म्हणून आडवं होणं नको वाटतं, तर काही आठवड्यांत घोडा मंद आणि चिडका होतो. रात्री कुणीतरी बघायला हवं. सकाळी अंगाला लागलेला भुसाही पुष्कळ सांगतो.

आमच्या घोडीचे पाय सुधारले. अंगणातलं उजवं वळण ती जवळून घ्यायला लागली, चेहरा मोकळा राहिला. आणि तरीही लाँजिंगमध्ये उजवीकडे पाठवलं की ती थोडं जाऊन आत वळायची. दुखणं गेलं, 'नाही' मात्र तिथेच राहिलं. या टप्प्यावर पुष्कळ लोकांचा धीर सुटतो. 'आता तर काही दुखत नाही ना, मग ही लबाडीच,' असं म्हणून ते चाबूक हातात घेतात. मला इथे उलट वाटतं. उजव्या फेराबरोबर तिला कितीतरी काळ वेदनाच मिळाली होती. दोर उजवीकडे वळला की पुढे काय येणार, हे तिच्या अंगाला ठाऊक होतं. घोड्याची आठवण पक्की असते, आणि वाईट प्रसंगाची जास्तच. पाय बरा झाला आहे हे तिला कुणी तोंडाने सांगू शकत नव्हतं. ते तिला स्वतःच्या पावलांतूनच कळायला हवं होतं.

त्यात दुसरा धागाही गुंतलेला होता, आणि 'विश्रांती मिळते' म्हणणारे इथे बरोबर होते. घोड्याला शिकवण्याची आपली बहुतेक पद्धत दाबावर चालते. दोराचा दाब, हाताचा दाब, आपल्या नुसत्या जवळ येण्याचा दाब. हा दाब ज्या क्षणी सुटतो, त्या क्षणी घोडा जे करत असतो ते त्याच्या मनात ठसतं. दाब फक्त शोधायला लावतो, शिकवतं ते सुटणं. ती आत वळून तोंड समोर करायची तेव्हा माणूस आपोआप थांबायचा, दोर गोळा करायचा, पुन्हा जागेवर जायचा. तेवढे क्षण दाब सुटलेला असायचा. दुखण्यातून सुरू झालेल्या गोष्टीला अशी रोज बक्षिशी मिळत गेली होती. कारण एकच असेल असं धरून बसलं की ही दुहेरी गाठ दिसत नाही.

या बाबतीत सिडनी विद्यापीठातला 2012 मधला एक प्रयोग माझ्या मनातून जात नाही. गोल रिंगणात घोड्याला पळवत राहायचं, तो आपल्याकडे वळला की पळवणं थांबवायचं, आणि मग तो मागे मागे यायला लागला की 'त्याने मला नेता मानलं' असं म्हणायचं, ही पद्धत जगभर चालते. संशोधकांनी माणसाच्या जागी रिमोटवर चालणारी खेळण्यातली गाडी वापरली. घोडा गाडीकडे वळला की गाडी थांबायची. घोडे त्या गाडीकडेही वळायला शिकले. गाडीला कुणी नेता मानणार नाही. दाब कुठे सुटतो ते त्यांना कळलं होतं, एवढंच. माझ्याकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या घोडीला पाहून कुणी 'किती जीव लावते तुम्हाला' म्हणालं की मला ती गाडी आठवते. घोड्याला माणसाचा लळा लागतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे. फक्त तो इथे शोधायचा नसतो.

आता माणसाच्या अंगाबद्दल. बर्लिनमधल्या विल्हेल्म फॉन ओस्टेन यांच्या हान्स नावाच्या घोड्याची गोष्ट घोडेवाल्यांनी विसरू नये असं मला वाटतं. तो गणिताची उत्तरं खुराने टापा मारून द्यायचा. 1904 मध्ये नेमलेल्या समितीला कुठलीही लबाडी सापडली नाही. पुढे मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिलं की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर हान्सचंही चुकतं. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं, आणि हान्स ते टिपून थांबायचा. फॉन ओस्टेन यांना याचा पत्ताच नव्हता. म्हणजे आपण काय सांगतो आहोत हे घोड्याला माहीत असतं आणि आपल्याला नसतं, अशी परिस्थिती अगदी सहज येते.

लाँजिंगमध्ये हे पावलोपावली घडतं. घोड्याच्या खांद्याच्या रेषेपुढे आपण सरकलो की त्याच्यासाठी वाट बंद होते. खांद्यामागे, मागच्या पायांच्या दिशेने राहिलो की पुढे जायची मुभा मिळते. पुष्कळ जण चाबूक मागून हलवतात आणि पोट मात्र घोड्याच्या तोंडासमोर ठेवतात. हात म्हणतो जा, अंग म्हणतं थांब. अशा वेळी थांबणारा घोडा आज्ञा मोडत नसतो, दोनपैकी एक तो तंतोतंत पाळत असतो. उजव्या फेरात हे जास्त होतं, कारण घोड्याला धरणं, नेणं, खोगीर चढवणं, सगळं परंपरेने डाव्या बाजूने चालतं. उजवीकडे आपले हात अनोळखी असतात, दोर नवख्या हातात जातो, पाऊल उशिरा पडतं. म्हणून कुणी विचारलं तर मी एक साधी गोष्ट सुचवते. फोन कुंपणावर ठेवून दोन्ही फेरांचं चित्रीकरण करा, आणि पाहताना घोडा झाकून फक्त माणूस पाहा.

जागेचाही विचार करावा लागतो. घोड्याला सभोवतालचं जवळजवळ 350 अंश दिसतं. मात्र दोन्ही डोळ्यांनी एकत्र दिसणारा पट्टा समोर लहानसाच असतो, आणि उजेडातून अंधारात गेल्यावर त्याचे डोळे जुळवून घ्यायला आपल्यापेक्षा जास्त वेळ घेतात. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातल्या 2021 मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात घोड्यांना लहान मुलांच्या खेळण्याचा एक मोठा प्लास्टिकचा सेट पूर्ण सवयीचा करून दिला होता. मग तोच सेट नव्वद अंशात फिरवून ठेवला. घोडे त्याच्याकडे नवी वस्तू पाहिल्यासारखे वागले. डाव्या फेरात ओळखीचा झालेला पिंपाचा ढीग उजव्या फेरात परका असतो, तो असा. हे तपासायला काही लागत नाही. फेराचं केंद्र हलवून दुसऱ्या टोकाला न्यायचं. 'नाही' जुन्या जागीच राहिलं तर ते जागेचं आहे, आपल्याबरोबर नव्या जागी आलं तर शरीराचं, सवयीचं किंवा आपलं आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. जागा, माणूस, जमीन आणि वेळ एकदम बदलून घोडा सुधारला, तर आनंद होतो पण कळत काहीच नाही. आमच्या घोडीचं 'नाही' नव्या जागीही तसंच आलं. एकटं पडण्याची भीतीही मी याच पद्धतीने पारखते. सोबतीचा घोडा कुंपणापलीकडे उभा करून पाहते. तिच्या बाबतीत त्यानेही फरक पडला नाही.

तिला उजवा फेर परत देताना आम्ही लाँजिंग सोडूनच दिलं. मऊ जमिनीवर, मी तिच्या उजव्या खांद्याशी, नुसतं चालणं. मग मी हळूहळू लांब होत गेले. दोराची लांबी वाढली, पण मी मागे फिरून तिला फेकत नव्हते, सोबत चालत मोठा घेर घेत होते. तिचा कान माझ्याकडून पुढे वळला, पाऊल जरा लांब पडलं, की लगेच मागणं थांबायचं. ती आत वळण्याच्या आधी थांबायचं, हे महत्त्वाचं. म्हणजे विश्रांती आता पुढे चालण्याला मिळायला लागली. थांबून मी तिला मानेच्या मुळाशी, आयाळ संपते तिथे खाजवायची. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात, आणि त्या जागी खाजवल्याने त्यांच्या हृदयाचे ठोके कमी होतात, हे 1993 मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात मोजून दाखवलेलं आहे. बाहेरून पाहता ती ओठ लांब करून डोळे अर्धे मिटायची, एवढं माझ्यासाठी पुरेसं होतं.

या काळात ती पुष्कळदा तोंड चघळायची, ओठ चाटायची. 'बघा, मान्य केलं तिने,' असं याचं भाषांतर सर्रास केलं जातं. ताण आला की तोंड कोरडं पडतं, ताण उतरला की लाळ परत येते आणि घोडा चघळतो, हे स्पष्टीकरण मला जास्त पटतं. म्हणजे ती खूण सुटकेची आहे. त्याचा दुसरा अर्थ असा की त्याआधी ताण होता. चघळणं दिसलं की मी आनंद मानण्याआधी आठवून बघते, आत्ता दोन क्षणांपूर्वी काय घडलं.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच घोड्यांची. जे काहीच म्हणत नाहीत. पाठवलं की जातात, थांबवलं की थांबतात, डोळा कुठेच लागलेला नसतो, कान बाजूला सैल लोंबतात, जवळून बादली पडली तरी वळून बघत नाहीत. सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांनी 1967 मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं की त्रास टाळण्याचा कुठलाच मार्ग चालत नाही असं पुन्हा पुन्हा अनुभवलेला प्राणी, पुढे वाट मोकळी असली तरी प्रयत्न करत नाही. अशा घोड्यांना बाजारात 'अगदी गरीब, कुणीही चालवावा' म्हणून किंमत येते. कुमैत घोडी शेपटी झटकत होती, आत वळत होती, माझ्याकडे पाहत होती. तिला अजून वाटत होतं की सांगून काही उपयोग आहे. चाबकाने तो फेर पूर्ण करून घेता आला असता. घोडी कदाचित कायमची चाललीही असती, आणि तिच्या टाचांबद्दल मग कुणालाच काही कळलं नसतं.

आता ती मऊ जमिनीवर उजवीकडे दुडकी धरते, मान खाली सोडून, फुरफुरत. कडक जमिनीवर मी तिला गोलात दुडकी मागत नाही, आणि पुढेही मागणार नाही. मधे काही दिवस उजव्या फेरात पहिल्या पावलाला पुन्हा किंचित अडखळ आली. रिंगणात काहीच बदललं नव्हतं. वहीत पाहिलं तर आधीच्या महिन्यांतही ती अशीच येऊन गेली होती, आणि दर वेळी नालबंद येण्याच्या आधीच्या आठवड्यात, खुराचं टोक पुन्हा लांबलं असताना. अंगणातलं वळणही त्याच दिवसांत मोठं होत होतं. नालबंदांना वहीतली ती पानं दाखवली. त्यांनी खूर हातात घेतला, टाच अंगठ्याने दाबून पाहिली, आणि तासणी सहा आठवड्यांऐवजी पाच आठवड्यांनी करू म्हणाले. त्यांच्या पुढच्या फेरीला डॉक्टरही येणार आहेत, डाव्या पायाचा नवा एक्सरे काढायला.